किडनी दिली त्याची गोष्ट (दुर्बिणीतून काढतात ती) – विचारा काय विचारायचंय

शेंगाचटणी | रविवार, दुपारी ३:१२

नमस्कार मंडळी. आजवर इथं फक्त पाककृतींच्या धाग्यांवर लुडबूड केली. आज विषय वेगळा आहे.

मागच्या वर्षी आमच्या सोलापूरची गड्ड्याची जत्रा (सिद्धेश्वराची) उलगडली आणि पुढच्याच आठवड्यात मी नवऱ्याला डावी किडनी दिली. ऑपरेशन पुण्यात, दुर्बिणीतून. मी ४६, हे ५१. अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहेत. बीपी वर्षानुवर्षं अंगावर काढलं आणि मग दीड वर्ष आठवड्यातून तीनदा डायलिसिस. रात्री त्यांचा फिस्टुलाचा हात (डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडलेली असते तो) माझ्या उशीजवळ आला की घरघर ऐकू यायची, लांब कुठंतरी माग चालू असावा तशी.

धागा काढायचं कारण असं की माझ्या ओळखीतल्या तिघी सध्या किडनी देण्याच्या रांगेत आहेत. एकीचा नवरा, एकीचा मुलगा, एकीचा भाऊ. आणि तिघींनाही सगळे एकच सांगतात, "आता दुर्बिणीतून असतंय, काही नसतंय." त्या "काही नसतंय"वर मला बोलायचंय.

तपासण्यांनी अडीच महिने खाल्ले. रक्तगट, क्रॉसमॅच, टूडी इको, मॅमोग्राफी, २४ तासांची लघवी कॅनमध्ये साठवून नेणं. तो कॅन पिशवीत घालून हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये मांडीवर धरून बसले होते. कुर्डुवाडीला शेजारची बाई विचारते, "काय ओ, तूप का?" मी हो म्हटलं. मग डीटीपीए स्कॅन, म्हणजे कुठली किडनी किती काम करते ते बघायचं. माझी उजवी ५२ टक्के, डावी ४८. शेवटी सीटी अँजिओ, किडनीच्या रक्तवाहिन्या बघायला. डावीला एकच धमनी निघाली तर डॉक्टर इतके खूश झाले, जणू मी मुद्दाम एकच ठेवली होती.

ऑपरेशनचं मला काय आठवणार? जाग आली तेव्हा पोटापेक्षा उजवा खांदा जास्त दुखत होता. मला वाटलं झोपेत टेबलावरून पाडलं की काय. सिस्टर म्हणाली, "पोटात भरलेला गॅस आहे मावशी, उद्या चालायला लागा, जाईल." दुसऱ्या दिवशी सकाळी लघवीची नळी काढली आणि सलाईनचा स्टँड ढकलत मी ह्यांच्या खोलीच्या काचेपर्यंत गेले. चौथ्या दिवशी डिस्चार्ज.

पोटावर खुणा म्हणाल तर तीन भोकं, करंगळीच्या नखापासून अंगठ्याच्या नखाएवढी. आणि खाली ओटीपोटावर आडवा तीन इंची छेद, किडनी बाहेर काढायला. माझा तो छेद मुलीच्या वेळच्या सिझेरियनच्या व्रणावरच घेतला. मुलगी म्हणते, "मम्मी, माझा रस्ता तू पप्पांना दिलास."

इथपर्यंत सगळं पुस्तकात असतं तसं. आता पुढचं.

पंधरा दिवस बहिणीकडे हडपसरला राहिले आणि मग सोलापूरला घरी आले. घरी आल्याच्या तिसऱ्या दिवशी भाकऱ्या. सासूबाई वाईट नाहीत हो, पण त्यांच्या डोक्यात पक्कं होतं, "दुर्बिणीतूनच तर झालंय की." भाकरी थापायला ताकद हातात लागत नाही, पोटात लागते, हे मला त्या दिवशी कळलं. पीठ मळताना परातीवर भार दिला की खालचा छेद आतून ओढायचा. पाचवी भाकरी तव्यावर टाकली आणि तिथंच फरशीवर बसले. ह्यांना वेगळी खोली, मास्क, उकळलेलं पाणी. ते बरोबरच आहे, नवीन किडनीला इन्फेक्शनची भीती असते. पण ह्यांना भेटायला येणाऱ्या पाहुण्यांचा चहा मी करत होते.

माझ्या डिस्चार्ज कार्डावर स्वच्छ लिहिलं होतं, सहा आठवडे ५ किलोच्या वर उचलायचं नाही. ते कार्ड ह्यांच्या वीतभर जाड फाईलच्या तळाशी होतं. घरात कुणी वाचलंच नाही. आणि आपल्याकडे पाणी चार-चार दिवसाआड येतं. पाण्याच्या दिवशी बादली किती किलोची असते ते सांगायला नको.

पस्तावा बिलकुल नाही, हेही लिहून ठेवते. विचारा काय विचारायचंय.

---

सातरस्ता | रविवार, संध्या. ६:४०

ताई, कॅन वाचून हसलो आणि भाकरी वाचून गप्प झालो.

माझा धाकटा भाऊ डायलिसिसवर आहे. आई मधुमेही, त्यामुळे बाद. वडील नाहीत. उरलो मी, वय ४१, आमचा रक्तगटही एक. बायकोला भीती वाटते आणि खरं सांगायचं तर मलाही. प्रश्न साधे आहेत. भोकातून एवढी मोठी किडनी सुटी कशी करतात? मध्येच रक्तस्राव झाला तर? आणि डावीच का घेतात?

---

टाकेवाला_डॉक | रविवार, रात्री १०:०५

मी मूत्ररोग शल्यविशारद. शिकताना दोन वर्षं प्रत्यारोपणाच्या टीममध्ये होतो, आता सोलापुरात बहुतेक मुतखडे आणि प्रोस्टेट. जे हातानं केलंय तेवढंच सांगतो.

पहिलं यशस्वी किडनी प्रत्यारोपण २३ डिसेंबर १९५४, बोस्टन. जोसेफ मरे यांनी जुळ्या भावांमध्ये केलं. रोनाल्डनं रिचर्डला दिली. रिचर्ड आठ वर्षं जगला. रोनाल्ड एका किडनीवर २०१० पर्यंत, ७९ वर्षांचा होऊन गेला. आपल्याकडे पहिलं यशस्वी वेल्लोरच्या सीएमसीत, १९७१ ला. पण चाळीस वर्षं देणाऱ्याचं ऑपरेशन बदललंच नव्हतं, कुशीत लांब चीर आणि बरेचदा बरगडीचा तुकडाही काढायचा. १९९० मध्ये क्लेमन यांनी दुर्बिणीतून पहिल्यांदा किडनी काढली, पण ती आजारी पेशंटची. दात्याची किडनी अशी काढण्याची हिंमत १९९५ मध्ये बाल्टिमोरला रॅटनर आणि कावूसी यांनी केली. त्यांचा हेतूच हा होता की चिरेच्या आणि रजेच्या भीतीनं माघार घेणारे दाते पुढे यावेत.

आता सातरस्ता, तुमचे प्रश्न. भूल दिल्यावर उजव्या कुशीवर वळवतात, डावी बाजू वर. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून तंबूसारखी जागा करतात. दाब साधारण १२ ते १५ मिमी पाऱ्याचा. मोठं आतडं अलगद बाजूला सारलं की मागे किडनी दिसते, चरबीच्या रजईत गुंडाळलेली. मूत्रवाहिनी भोवतीच्या ऊतींसकट सोडवायची, फार सोलायची नाही, नाहीतर तिचा रक्तपुरवठा जातो. मग किडनीच्या शिरेला येऊन मिळणाऱ्या छोट्या शिरा एकेक करून बंद करायच्या. हे सगळं होईपर्यंत किडनीचं रक्त चालूच असतं, ती गुलाबी आणि ताठ. खालचा छेद आधीच तयार ठेवतात. शेवटी धमनी, मग शीर कापायची आणि किडनी बाहेर. धमनी बंद केल्यापासून किडनी बर्फाच्या ताटात जाईपर्यंत दोन ते पाच मिनिटं. तेव्हा थिएटरमध्ये कुणी बोलत नाही. थंड द्रावण सोडलं की किडनी गुलाबीची राखाडी-पांढरी होते आणि शेजारच्या थिएटरमध्ये रक्त जोडलं की परत गुलाबी. मी ते शंभरदा बघितलंय, पण अजून सवय झालेली नाही.

डावी का, तर डाव्या किडनीची शीर महाधमनीवरून ओलांडून जाते म्हणून लांब असते, जोडायला सोयीची. उजवीची आखूड. पण दोन्हींच्या कामात फरक असेल तर चांगली देणाऱ्याकडेच राहते, मग शीर आखूड का असेना.

रक्तस्राव झाला तर पोट उघडतात. अशी वेळ क्वचित येते, पण संमतीपत्रावर ते लिहिलेलं असतंच. "दुर्बिणीतून करताय ना, मग उघडायचं नाही" अशी अट घालू नका. आणि एक प्रश्न जरूर विचारा, कुणी विचारत नाही. "धमनी कशानं बंद करणार?" कुलूपवाल्या प्लास्टिकच्या क्लिपा इतर ठिकाणी उत्तम, पण दात्याच्या धमनीवर त्या घसरून मृत्यू झालेत. अमेरिकेच्या एफडीएनं २०११ मध्ये तसा इशाराही दिला. तिथं आरपार टाचणारा स्टेपलर किंवा तशीच पक्की पद्धत हवी. दुसरा प्रश्न, "तुम्ही स्वतः अशी किती केलीत?" चांगला सर्जन रागावत नाही.

---

जुना_जॉबर | सोमवार, सकाळी ७:२०

ताई, मी तुमच्या आधीच्या जमान्यातला. १९९९ ला धाकट्या भावाला दिली, मुंबईत. तवा दुर्बीण बिर्बीण कुठली ओ. पाठीपासून पोटापर्यंत सव्वा वीत चीर आणि बाराव्या बरगडीचा तुकडा कापला. हसलो तरी जीव जायचा, खोकल्याचं तर नावच नको. डावी कूस अजून फुगीर आहे, सदरा घट्ट झाला की दिसते.

पण एक सांगू का? माझा तो व्रण बघून गल्लीतला माणूस न माणूस हळहळला. तीन महिने मला तांब्या उचलू दिला नाही. कारखानदारानं स्वतः घरी येऊन सांगितलं, मागाच्या बीमला (सुताच्या जड रुळाला) हात लावायचा नाही, बसून तार सांधायची. माझ्या बायकोनं दोन्ही पोरं, सासू आणि मी, सगळं ओढलं. आता तुमची भाकरी वाचली आणि वाटलं, माझी चीर मोठी होती म्हणून लाड झाले का पुरुष होतो म्हणून?

भाऊ चौदा वर्षं त्या किडनीवर जगला. दोन्ही पोरींची लग्नं करून गेला. मी ६८ चा, क्रिएटिनिन (किडनीचं काम बघायला रक्तात तपासतात ते) १.३, बीपीची एक गोळी. जेवण सगळं चालतं, आमटीत मीठ कमी.

---

शेंगाचटणी | सोमवार, सकाळी ९:०२

काका, दोन्ही. आमच्या मजल्यावर त्या आठवड्यात देणारे पाच जण होते, त्यांत चार बायका. आणि पाचवा जो पुरुष होता त्याच्याजवळ सेवेला त्याची बायको होती. माझ्याजवळ रात्री बहीण, दिवसा कुणी नाही, कारण सगळे ह्यांच्या आयसीयूबाहेर.

---

नवी_पेठ | सोमवार, दुपारी १:३०

भावना ठीक आहेत, पण पैशाचं कुणीच बोलंना. दुर्बीण म्हणजे लाखभर जादा लावतात असं ऐकलं. गरिबानं काय करायचं?

---

फाईलवाली | सोमवार, दुपारी ३:५५

मी एका रुग्णालयात वैद्यकीय समाजसेविका होते. माझं आयुष्य ह्याच फायलींत गेलं म्हणून लांबलचक लिहिते.

पैसे : महात्मा फुले जन आरोग्य योजनेत किडनी प्रत्यारोपणाची मर्यादा आधी अडीच लाख होती, २०२३ च्या शासन निर्णयानं साडेचार लाख झाली. रुग्णालय योजनेत आणि प्रत्यारोपणासाठी मान्यताप्राप्त हवं, दोन्ही. शिवाय धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी असतात, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा. आणि ऑपरेशनच्या आकड्यात अडकू नका. किडनी नाकारली जाऊ नये म्हणून घेणाऱ्याला गोळ्या जन्मभर लागतात, हिशोब त्यांचाही करा.

कागदपत्रं : हा आपल्याकडचा खरा खोळंबा. अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४ च्या कायद्यानं जवळचे नातेवाईक म्हणजे नवरा-बायको, आई-वडील, मुलगा-मुलगी, सख्खे भाऊ-बहीण. २०११ च्या दुरुस्तीत आजी-आजोबा आणि नातवंडं आली. चुलतभाऊ, मेहुणा, वहिनी, सून ह्यांत नाहीत. त्यांना द्यायचीच असेल तर प्रकरण ऑथोरायझेशन कमिटीकडे, म्हणजे परवानगी देणाऱ्या समितीकडे जातं. तिथं पैशाची देवघेव नाही हे पटवावं लागतं. आणि बायको दाता असेल तर नावाचा घोळ ठरलेला. लग्नात नाव बदललेलं, शाळेच्या दाखल्यावर माहेरचं, आधारवर सासरचं, रेशनकार्डावर तिसरंच. आपल्या पद्मशाली (तेलुगू विणकर) घरांत तर आडनावाची स्पेलिंगं प्रत्येक कागदावर निराळी. लग्नाची नोंदणी नसते, २५ वर्षांपूर्वीचा फोटो शोधत बसतात. किडनी द्यायचं ठरलं की पहिली सोनोग्राफी नको, पहिलं नावाचं गॅझेट आणि विवाह नोंदणी.

आणखी एक. देणाऱ्याला एकटीला खोलीत बसवून विचारतात, मनापासून देताय का. मी अशा खोल्यांत बसलेय. बाई "हो" म्हणते आणि डोळे दाराकडे असतात. नाही म्हणायचा हक्क शेवटच्या क्षणापर्यंत आहे. तुमचा नकार बाहेर कळू न देता फक्त "वैद्यकीयदृष्ट्या जुळत नाही" एवढंच घरच्यांना सांगण्याची विनंती डॉक्टरांना करता येते. आम्ही ते केलंय.

केंद्र सरकारी कर्मचारी दाता असेल तर ४२ दिवसांपर्यंत विशेष नैमित्तिक रजा मिळते, हेही कित्येकांना ठाऊक नसतं.

---

निसर्ग_उपचार_१ | सोमवार, संध्या. ५:१०

[प्रतिसाद अप्रकाशित]

संपादक | सोमवार, संध्या. ५:३०

काढ्याची जाहिरात काढली आहे. हा तिसरा आयडी, चौथा काढू नये.

---

विजापूर_वेस | सोमवार, रात्री ९:१८

पप्पांना द्यायला मी तयार आहे. वय २६, लग्न ठरतंय. मुलाकडचे म्हणतात एक किडनीवाली मुलगी नको, पुढे बाळंतपणात त्रास. हे खरं का? चिडून विचारत नाही, खरंच माहीत करून घ्यायचंय.

---

टाकेवाला_डॉक | सोमवार, रात्री ११:४०

मुलाकडच्यांचं बोलणं चूक आहे, पण त्यांनी काढलेला प्रश्न खरा आहे. किडनी दिलेल्या बायकांना मुलं होतात, बहुतेकींची बाळंतपणं व्यवस्थित होतात. पण गरोदरपणात बीपी वाढणं किंवा प्रीएक्लॅम्प्सिया (गरोदरपणातलाच बीपीचा गंभीर आजार) ह्याचं प्रमाण वाढतं. २०१५ मध्ये कॅनडातून आलेल्या अभ्यासात ते १०० गरोदरपणांत ११ होतं, तशाच निरोगी पण किडनी न दिलेल्या बायकांत ५. म्हणून घरात दुसरा दाता बसत असेल तर मूल व्हायचं असलेल्या मुलीला मी स्वतः शेवटी धरतो. आईची तपासणी झाली का? तिचा रक्तगट जुळत नसेल तर स्वॅप आहे, तुमच्यासारखंच अडलेलं दुसरं कुटुंब शोधून अदलाबदल. २०११ पासून कायद्याला मान्य आहे.

बाकी धोकेही एकदा सांगून टाकतो, लपवण्यात अर्थ नाही. ऑपरेशननंतरच्या ९० दिवसांत मृत्यू, २००९ पर्यंतच्या नोंदींत १० हजारांत साधारण ३, अलीकडच्या नोंदींत साधारण १. पुढं १५ वर्षांत दात्याचीच किडनी निकामी होण्याचं प्रमाण १० हजारांत सुमारे ३१, तितक्याच निरोगी पण न दिलेल्या लोकांत ४. हे सगळे आकडे अमेरिकेतले. धोका छोटा आहे, पण शून्य नाही. आणि दुर्बीण वापरली म्हणून हा पुढचा धोका बदलत नाही. दुर्बिणीनं कमी होतात त्या वेदना, मुक्काम आणि चीर. आतून जे गेलं ते तेवढंच गेलं.

सातरस्ता, पुरुषांना सहसा कुणी सांगत नाही ते सांगतो. डावी काढल्यावर काहींना डाव्या वृषणात दुखतं, काही आठवडे. घाबरू नका.

---

शेंगाचटणी | मंगळवार, सकाळी ८:४५

डॉक्टर, "तेवढंच गेलं" हे सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "मग आधी सांगायचं की." त्यांचंही खरंच आहे. त्यांना कुणी बसवून सांगितलंच नव्हतं, मीसुद्धा नाही.

अजून एक विचारायचं होतं. सहा महिन्यांनी इथल्याच एका लॅबमध्ये क्रिएटिनिन केलं. आधी ०.७ होतं, आता १.१. रिपोर्ट बघून एका डॉक्टरांनी थेट "तुमचीपण किडनी खराब व्हायला लागली" म्हटलं. रात्रभर झोपले नाही. पुण्याला फोन केला तर हसले.

---

टाकेवाला_डॉक | मंगळवार, दुपारी २:१५

अशा रिपोर्टवर हसायचं नसतं, समजावायचं असतं. एक किडनी गेली म्हणजे काम निम्मं व्हायला हवं, पण उरलेली मोठी होते, जास्त गाळते आणि काही आठवड्यांत दोघींच्या मिळून असलेल्या कामाच्या ६५-७० टक्क्यांपर्यंत येते. म्हणजे क्रिएटिनिन थोडं वर जाऊन तिथंच थांबणार. तुमचं १.१ तुमच्यासाठी ठीक आहे, फक्त ते तिथंच राहायला हवं. वर्षातून एकदा क्रिएटिनिन, लघवीतलं प्रोटीन, बीपी. कुठल्याही डॉक्टरकडे गेलात की पहिलं वाक्य, "मी किडनी दिलेली आहे." अंगदुखीला ब्रुफेन, डायक्लोफेनॅक, कॉम्बिफ्लाम मनानं घ्यायच्या नाहीत, पॅरासिटामॉल चालते. आणि आपला एप्रिल-मे तुम्हाला ठाऊक आहेच, पाणी पीत राहा.

---

जुना_जॉबर | मंगळवार, संध्या. ६:०५

मला हे पंचवीस वर्षांत कुणी सांगितलं नाही. गुडघ्याला डायक्लोफेनॅक खाऊलालो की ओ मी.

---

टाकेवाला_डॉक | मंगळवार, संध्या. ६:११

काका, आजपासून बंद. उद्या बीपी आणि क्रिएटिनिन करून रिपोर्ट निरोपात पाठवा.

---

विजापूर_वेस | बुधवार, सकाळी १०:३०

आईचा रक्तगट बी, पप्पांचा ओ. स्वॅपसाठी नाव घालतोय. मुलाकडच्यांना मीच नाही कळवलं.

---

सातरस्ता | शनिवार, रात्री ९:५०

पुढच्या मंगळवारी सीटी अँजिओ. हुतात्माची दोन तिकिटं काढली, बायको बरोबर येतेय. तिनं सगळा धागा वाचला. ती म्हणते दिली तर दे, पण सहा आठवडे तुझी सेवा माझ्याकडे आणि भावाची त्याच्या बायकोकडे, आधीच वाटून घेऊ. आई म्हणाली, मग दोघींच्या घरचा स्वयंपाक कोण करणार? तिथं गाडं अडलंय.

---

शेंगाचटणी | शनिवार, रात्री १०:१५

गाडं कशाला अडतंय? कडक भाकऱ्या आधीच करून ठेवायच्या, महिनाभर टिकतात. ऑपरेशनची तारीख कळवा. माझ्याकडे ज्वारी पडून आहे, दोन डबे मी पाठवते. आता मला थापता येतात. भावाला मात्र शेंगाचटणी देऊ नका, आहारतज्ज्ञ हो म्हणेपर्यंत. ती तुम्ही खा.